पटाबाहेरची सोंगटी : टेबलावरील युद्धखेळांतील आधुनिक सामरिक बॉम्बफेकी विमानाच्या चित्रणाची चिकित्सा

प्रस्तावना

युद्धाचा विचार पटावर मांडण्याची परंपरा जुनी आहे. भारतीय चतुरंगात सैन्याची चार अंगे होती. त्याच खेळाच्या आजच्या रूपात, म्हणजे बुद्धिबळात, हत्ती, घोडा, उंट आणि वजीर यांच्या चाली ठरलेल्या आहेत. प्रशियात १८२४ साली राइसविट्झ या अधिकाऱ्याने नकाशा, मोजमाप आणि फासे यांवर आधारलेल्या युद्धखेळाचे नियम प्रसिद्ध केले आणि लष्करी शिक्षणात या साधनाला स्थान मिळाले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात षट्कोनी घरांचा नकाशा, आकडे छापलेल्या पुठ्ठ्याच्या सोंगट्या, फासे आणि सविस्तर नियमपुस्तिका असे या खेळाचे रूप स्थिर झाले. या सर्व प्रकारांत एक गृहीत समान आहे. लढणारा घटक पटावर कोठे तरी उभा असतो, तेथून तो ठरावीक घरे चालतो आणि समोरच्या घटकाशी भिडतो. वजीर कितीही बलाढ्य असला तरी तो पटावरच असतो आणि प्रतिस्पर्ध्याला तो दिसत असतो.

आधुनिक सामरिक बॉम्बफेकी विमान हे गृहीत मोडून टाकते. २२ जून २०२५ रोजी अमेरिकेच्या ७ बी-२ विमानांनी इराणमधील फोर्दो आणि नतान्झ येथील अणुकेंद्रांवर १४ भेदक बॉम्ब टाकले. प्रत्येक बॉम्बचे वजन ३०,००० पौंड, म्हणजे सुमारे १३,६०० किलो होते. ही विमाने अमेरिकेच्या मिसुरी राज्यातील व्हाइटमन तळावरून निघाली, सुमारे १८ तास उडून लक्ष्यापर्यंत पोहोचली आणि एकूण सुमारे ३७ तासांनी परतली. इराण व आखाती प्रदेशाचा नकाशा टेबलावर अंथरून हा प्रसंग खेळायचा ठरविले, तर या सोंगटीचा बहुतांश काळ पटाबाहेर जाईल. पटावर ती अल्पकाळ येईल, निर्णायक कृती करील आणि पुन्हा नाहीशी होईल. अशा शस्त्राचे चित्रण युद्धखेळाने कसे करावे, हा या लेखाचा विषय आहे.

प्रस्तुत लेखात चार युद्धखेळांची या एका दृष्टीने चिकित्सा केली आहे. लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे : सोंगटीवर मारक शक्तीचा मोठा आकडा छापल्याने सामरिक बॉम्बफेकी विमानाचे चित्रण पुरे होत नाही. हे विमान मुळात एक दुर्मिळ आणि महागडा निर्णय आहे. ज्या खेळात तो निर्णय घेणे खेळाडूला जड जाते तोच खेळ या विमानाचे खरे चित्रण करतो. ज्या खेळात तो निर्णय स्वस्त होतो तो खेळ आकड्यांत कितीही अचूक असला तरी खेळाडूला चुकीचा धडा देतो.

चित्रणाच्या कसोट्या

शत्रूच्या रणांगणावरील सैन्याऐवजी त्याच्या युद्धक्षमतेच्या मुळावर, म्हणजे कारखाने, तळ, दळणवळण व शासनयंत्रणा यांवर दूरवरून आघात करण्यासाठी बांधलेले विमान अशी सामरिक बॉम्बफेकी विमानाची ढोबळ व्याख्या करता येईल. अमेरिकेची बी-५२, बी-१बी व बी-२ आणि रशियाची टीयू-९५ व टीयू-१६० ही त्याची परिचित उदाहरणे. या विमानांच्या इतिहासावर नजर टाकली असता चित्रणाच्या पाच कसोट्या हाती लागतात.

पहिली कसोटी अंतराची आणि काळाची. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या व्हल्कन विमानाने असेन्शन बेटावरून सुमारे ६,३०० कि. मी. उडून पोर्ट स्टॅन्ली येथील धावपट्टीवर बॉम्ब टाकले. एका व्हल्कनला तेथवर नेऊन परत आणण्यासाठी व्हिक्टर जातीच्या ११ इंधनवाहू विमानांची योजना करावी लागली. टाकलेल्या २१ बॉम्बपैकी एक धावपट्टीवर पडला. या मोहिमेचा खरा आशय त्या एका बॉम्बपेक्षा त्यामागील इंधनाच्या साखळीत अधिक आहे.

दुसरी कसोटी दुर्मिळतेची. बी-२ विमाने केवळ २१ बांधली गेली. त्यांपैकी एक २३ फेब्रुवारी २००८ रोजी ग्वाम बेटावर उड्डाणाच्या वेळी कोसळले. हवेच्या दाबाचे मापन करणाऱ्या संवेदकांत शिरलेला ओलावा या अपघाताच्या मुळाशी होता. २०२२ मध्ये आणखी एका विमानाची अपघातात हानी झाली व ते पुन्हा सेवेत आणले गेले नाही. त्यामुळे २०२५ च्या हल्ल्याच्या वेळी ताफ्यात १९ विमाने होती. लढाईत एकही विमान न गमावता हा ताफा घटला, ही बाब युद्धखेळाच्या रचनाकाराने ध्यानात घेण्याजोगी आहे.

तिसरी कसोटी तळाची. आकाशात दुर्लभ असलेले हे विमान जमिनीवर मात्र उघडे व असुरक्षित असते. १ जून २०२५ रोजी युक्रेनने मालमोटारींतून रशियात खोलवर नेलेल्या छोट्या ड्रोनच्या साहाय्याने अनेक हवाई तळांवर हल्ला केला. त्यांतील बेलाया तळ सैबेरियात आहे. टीयू-९५ आणि टीयू-२२एम३ ही विमाने त्यात जळाली. हानीच्या आकड्यांविषयी दोन्ही बाजूंचे दावे भिन्न असले, तरी आघाडीपासून हजारो कि. मी. दूर असलेला तळ म्हणजे अभय नव्हे, एवढे त्यातून सिद्ध झाले.

चौथी कसोटी संकेताची. हे विमान बॉम्ब न टाकताही काम करते. ते कोणत्या तळावर आणून ठेवले, कोणाला दिसू दिले, किती काळ ठेवले यातून शत्रूला आणि मित्रालाही संदेश जातो. शिवाय बी-५२ आणि बी-२ ही विमाने पारंपरिक आणि आण्विक अशी दोन्ही शस्त्रे वाहू शकतात. पोटात काय आहे हे बाहेरून दिसत नाही आणि या संदिग्धतेतच त्यांच्या धाकाचा मोठा भाग सामावलेला आहे.

पाचवी कसोटी परिणामाच्या ज्ञानाची. बॉम्ब पडला म्हणजे काय साधले हे तत्काळ कळत नाही. २०२५ च्या हल्ल्यानंतर अमेरिकेच्या अध्यक्षांनी लक्ष्यांचा संपूर्ण नाश झाल्याचे जाहीर केले. त्याच देशाच्या संरक्षण गुप्तवार्ता संस्थेच्या प्राथमिक मूल्यमापनात मात्र इराणचा कार्यक्रम काही महिनेच मागे गेल्याचे म्हटले होते. जमिनीखाली ८०-९० मीटर खोल असलेल्या दालनात काय घडले, हे हल्ला करणाऱ्यालाही लगेच ठाऊक नसते.

या पाच कसोट्यांवर चार खेळ कसे उतरतात, ते आता पाहू.

विमान हाच पट : 'बी-१७ : क्वीन ऑफ द स्काइज'

तुलनेचा आधार म्हणून आधी दुसऱ्या महायुद्धावरील एका खेळाचा विचार करणे उपयुक्त ठरेल. ग्लेन फ्रँक यांचा 'बी-१७ : क्वीन ऑफ द स्काइज' हा एकट्याने खेळायचा खेळ अ‍ॅव्हलॉन हिल या कंपनीने १९८३ साली प्रसिद्ध केला. त्यात एका विमानाच्या अंतर्भागाचा आराखडा हाच मुख्य पट आहे. दहा सैनिकांना खेळाडूने नावे द्यायची, तक्त्यांवर फासे टाकत जर्मनीच्या दिशेने एकेक टप्पा पुढे सरकायचे, शत्रूची लढाऊ विमाने व विमानविरोधी तोफा यांतून वाट काढायची आणि २५ मोहिमा पूर्ण करून घरी परतायचे, असे त्याचे स्वरूप आहे.

या खेळावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की त्यात खेळाडूला निर्णय फारसे नाहीत आणि बहुतेक सर्व काही फासाच ठरवितो. परंतु हा आक्षेप पूर्णपणे न्याय्य वाटत नाही. १९४३ साली इंग्लंडमधून जर्मनीवर जाणाऱ्या बी-१७ च्या सैनिकांच्या हातातही निर्णय फारसे नव्हतेच. मार्ग, उंची, रांगेतील जागा आणि लक्ष्य हे सारे वरून ठरत असे. त्यांच्या वाट्याला येत असे ते सहन करणे. ऊबेसाठी घातलेल्या विद्युत पोशाखाची तार तुटली तर बोटे गोठतात, ही बारीक गोष्टही खेळाने टिपली आहे. अंतर आणि काळ हे या खेळात थंडी, थकवा आणि टप्प्याटप्प्याने वाढणारी भीती यांच्या रूपाने प्रकट होतात.

मात्र या खेळाची दृष्टी विमानाच्या आतच थांबते. लक्ष्यापासून हजार फुटांच्या आत किती टक्के बॉम्ब पडले, हे फाशावरून ठरते. उरलेल्या टक्क्यांचे बॉम्ब कोणाच्या घरावर पडले, याची नोंद ठेवायला तक्त्यात रकाना नाही. पुढील सर्व खेळांनी हा वारसा जसाच्या तसा स्वीकारला आहे. दुसरीकडे, या खेळातील मनुष्य मात्र त्यांनी गमावला. बी-१७ मध्ये दहा सैनिक होते, बी-२ मध्ये दोनच वैमानिक असतात. ३७ तास जागे राहणाऱ्या त्या दोघांचा थकवा आधुनिक खेळातील सोंगटीवर कोठेही छापलेला नसतो.

फसवणूक आणि शोध : 'हार्पून'

लॅरी बाँड यांचा 'हार्पून' हा आधुनिक नौदल युद्धाचा खेळ १९८० साली प्रसिद्ध झाला. टॉम क्लॅन्सी यांनी बाँड यांच्या सहकार्याने लिहिलेल्या 'रेड स्टॉर्म रायझिंग' या १९८६ च्या कादंबरीतील काही प्रसंग आधी या खेळात खेळून पाहिले होते. सोव्हिएत बॅकफायर विमानांनी अमेरिकी विमानवाहू जहाजांच्या ताफ्यावर केलेला हल्ला हा त्यांतील सर्वांत प्रसिद्ध प्रसंग होय. त्यात बनावट लक्ष्ये पुढे सोडून बचावाची लढाऊ विमाने भलत्याच दिशेला खेचली जातात आणि मोकळ्या झालेल्या दिशेने खरा हल्ला येतो.

बॅकफायर, म्हणजे टीयू-२२एम, सामरिक की मध्यम पल्ल्याचे, हा वाद शस्त्रनियंत्रणाच्या वाटाघाटींतही झाला होता. त्या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. महत्त्वाचे असे की 'हार्पून'मध्ये मारक शक्तीच्या आधी शोधाची पायरी येते. जे सापडले नाही त्यावर मारा करता येत नाही, आणि जे सापडले ते खरे आहे याची खात्री नसते. त्यामुळे बॉम्बफेकी विमान हे येथे प्रामुख्याने शत्रूच्या मनात संशय पेरणारे साधन ठरते. २०२५ च्या हल्ल्याच्या वेळी काही बी-२ विमाने मुद्दाम पश्चिमेकडे, प्रशांत महासागराच्या दिशेने पाठविण्यात आली होती, तेव्हा जगाचे लक्ष तिकडे वळले. चाळीस वर्षांपूर्वीच्या खेळाने ओळखलेले मर्म प्रत्यक्षात उतरल्याचे ते उदाहरण आहे.

'हार्पून'ची मर्यादा त्याच्या पातळीत आहे. तो मिनिटांच्या हिशेबाने एका चकमकीचे चित्रण करतो. हल्ला करणारा ताफा त्या दिवशी उपलब्ध का होता, उद्या तो पुन्हा येऊ शकेल का, आज गमावलेली विमाने पुढच्या महिन्यात कोठे कमी पडतील, हे प्रश्न त्याच्या कक्षेबाहेर राहतात. चकमकीपुरता विचार करणारा खेळाडू सर्व विमाने एकाच डावात पणाला लावतो. प्रत्यक्षातील सेनापती असे सहसा करीत नाही.

अनुपस्थितीतून घडणारे दर्शन : 'पर्शियन इन्कर्जन'

लॅरी बाँड, ख्रिस कार्लसन आणि जेफ डोहर्टी यांचा 'पर्शियन इन्कर्जन' हा खेळ क्लॅश ऑफ आर्म्स या कंपनीने २०१० साली प्रसिद्ध केला. इराणच्या अणुकार्यक्रमावर इस्रायलने हवाई हल्ला केला तर काय होईल, हा त्याचा विषय आहे. विशेष असे की इस्रायलकडे सामरिक बॉम्बफेकी विमान नाही, त्यामुळे या खेळात ती सोंगटी त्याच्या हाती नाही. असे असूनही, किंबहुना त्यामुळेच, प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हा खेळ सर्वाधिक बोधप्रद आहे असे आमचे मत आहे.

या खेळात खेळाडूने एफ-१५ आणि एफ-१६ जातीची विमाने लक्ष्यापर्यंत कशी न्यायची, हाच मुख्य प्रश्न असतो. मार्ग उत्तरेकडून, मधून की दक्षिणेकडून, कोणत्या देशाच्या आकाशातून जायचे, त्या देशाचे मत आपल्याविषयी अनुकूल आहे की प्रतिकूल, इंधनवाहू विमाने किती आहेत, जमिनीखालच्या लक्ष्यासाठी किती बॉम्ब नेमके एकाच जागी पडायला हवेत, हे सारे हिशेब त्याला करावे लागतात. राजकीय, गुप्तवार्ताविषयक आणि लष्करी अशा तीन प्रकारच्या गुणांतून प्रत्येक कृती विकत घ्यावी लागते आणि निरनिराळ्या देशांचे जनमत स्वतंत्र पट्टीवर वरखाली होते.

अंतर, दुर्मिळता आणि संकेत या तीन कसोट्यांवर हा खेळ चांगला उतरतो. लांबचा पल्ला आणि प्रचंड भेदक बॉम्ब या दोन गोष्टी नसतील तर किती कष्ट पडतात, हे पाहूनच त्या असल्याचे मोल खेळाडूला कळते. जून २०२५ मधील घटनाक्रम या मांडणीला पोषक ठरला. १३ जूनपासून इस्रायलच्या लढाऊ विमानांनी इराणवर विस्तृत हल्ले केले. परंतु डोंगराखालच्या फोर्दो केंद्रासाठी अखेर अमेरिकेची बी-२ विमाने आली. त्या १३,६०० किलोच्या बॉम्बसाठी दुसरे विमान उपलब्ध नव्हते. 'एका विशिष्ट विमानाचा मालक युद्धात उतरतो की नाही' हाच राजकीय दृष्ट्या निर्णायक प्रश्न झाला.

पाचव्या कसोटीवर मात्र हा खेळही कमी पडतो. लक्ष्याच्या हानीचा हिशेब तो अत्यंत बारकाईने करतो आणि ही त्याची ख्यातीही आहे. पण हिशेब जितका बारीक, तितकी त्यातून निर्माण होणारी निश्चितता अधिक फसवी. फासा पडतो, तक्ता पाहिला जातो, आणि दोन्ही खेळाडूंना नेमके काय उद्ध्वस्त झाले हे कळते. प्रत्यक्षात हल्ला करणाऱ्याला हानीचा अंदाज असतो आणि सोसणाऱ्याला ती लपविण्याची सोय असते. युद्धोत्तर राजकारण या दोहोंमधील अंतरातच घडते.

क्षेपणास्त्रांची मालमोटार : सीएसआयएसचा तैवानविषयक खेळ

चौथे उदाहरण हौशी खेळाडूंच्या जगातील नाही. वॉशिंग्टनमधील सीएसआयएस या अभ्याससंस्थेने जानेवारी २०२३ मध्ये 'द फर्स्ट बॅटल ऑफ द नेक्स्ट वॉर' हा अहवाल प्रसिद्ध केला. मार्क कॅन्सियन, मॅथ्यू कॅन्सियन व एरिक हेगिनबॉथम हे त्याचे लेखक. चीनने २०२६ साली तैवानवर समुद्रमार्गे आक्रमण केल्याची कल्पना करून रचलेला पटावरील खेळ २४ वेळा खेळला गेला आणि त्याच्या निष्पत्तीवरून धोरणविषयक शिफारशी करण्यात आल्या. प्रत्येक फेरी साडेतीन दिवसांची होती.

या खेळात बॉम्बफेकी विमानांचे महत्त्व ठळकपणे पुढे आले. चीनच्या पारंपरिक क्षेपणास्त्रांच्या माऱ्याबाहेरच्या तळांवरून ती उडू शकत होती. उलट, जवळच्या तळांवरील लढाऊ विमाने मोठ्या संख्येने जमिनीवरच नष्ट होत होती. एक बी-१बी विमान आपल्या पोटात २४ दूर पल्ल्याची क्षेपणास्त्रे नेऊ शकते. म्हणून लढाऊ विमानांपेक्षा बॉम्बफेकी ताफा टिकविण्याला अग्रक्रम द्यावा, अशी शिफारस अहवालाने केली. त्याचबरोबर जहाजविरोधी 'एलआरएएसएम' क्षेपणास्त्रांचा साठा पहिल्याच आठवड्यात संपतो, हा निष्कर्षही त्यातून निघाला आणि तो बराच चर्चिला गेला.

दुर्मिळतेच्या कसोटीवर हा खेळ इतर तिघांपेक्षा पुढे आहे. विमान असूनही त्यात घालायला क्षेपणास्त्र नाही, ही अवस्था त्याने खेळाडूंना अनुभवायला लावली. दारूगोळ्याचा साठा हा कंटाळवाणा विषय धोरणकर्त्यांच्या टेबलावर आणण्याचे श्रेय अशा खेळांना द्यावे लागेल.

परंतु उरलेल्या कसोट्यांवर प्रश्न उभे राहतात. या खेळात अण्वस्त्रांचा वापर समाविष्ट नव्हता. विश्लेषणाच्या सोयीसाठी ही मर्यादा समजण्याजोगी आहे. तथापि तिचा एक परिणाम असा होतो की बॉम्बफेकी विमान केवळ क्षेपणास्त्रे वाहणारी मालमोटार बनते. अण्वस्त्रे वाहू शकणारी बी-५२ विमाने आपल्या किनाऱ्याच्या दिशेने रोज येताना पाहून प्रतिपक्षाचा नेता काय समजेल, हा प्रश्न अशा खेळात विचारलाच जात नाही. या विमानाच्या परिणामकारकतेचे गणित मांडले जाते, परंतु त्याच्या धोक्याचे गणित राहून जाते.

दुसरा प्रश्न तळाचा. दूरचे तळ सुरक्षित आहेत हे गृहीत चीनच्या क्षेपणास्त्रांच्या पल्ल्याच्या हिशेबाने योग्य होते. पण अहवालानंतर अडीच वर्षांच्या आत, रशियाच्या तळांवर मालमोटारीतून निघालेल्या ड्रोननी दाखवून दिले की पल्ला हा सुरक्षिततेचा एकमेव मापदंड नव्हे. ही टीका त्या अहवालाच्या लेखकांवर नाही, कारण भविष्यातील घटना कोणालाच ठाऊक नसते. ती 'पटाबाहेरचा कप्पा म्हणजे अभयस्थान' या युद्धखेळांच्या सर्वसाधारण संकेतावर आहे.

समान उणीव आणि तिचे कारण

चारही खेळ एकत्र पाहिले असता असे दिसते की प्रत्येकाने या विमानाचा एकेक पैलू टिपला आहे. पहिल्याने मनुष्याचे सहन करणे, दुसऱ्याने फसवणूक, तिसऱ्याने पोहोचण्याचे कष्ट, चौथ्याने साठ्याची मर्यादा. परिणामाची अनिश्चितता आणि बॉम्ब न टाकता होणारे काम हे दोन पैलू मात्र बहुधा निसटतात.

याचे कारण युद्धखेळाच्या माध्यमातच आहे. फासा हा तत्काळ उत्तर देणारा असतो. खेळाडूने कृती केली की तिचे फळ लगेच दिसावे, अन्यथा खेळ रेंगाळतो. पीटर पर्ला यांनी १९९० च्या 'द आर्ट ऑफ वॉरगेमिंग' या ग्रंथात युद्धखेळाचा गाभा मानवी निर्णयात असल्याचे प्रतिपादन केले आहे. तो निकष येथे लावला तर असे म्हणावे लागेल की सामरिक बॉम्बफेकी विमानाविषयीचे खरे निर्णय पटावरील हल्ल्याच्या कितीतरी आधी आणि कितीतरी नंतर असतात. ते विमान पाठवायचे की नाही, दाखवायचे की लपवायचे, आणि हल्ला यशस्वी झाला असे मानून थांबायचे की पुन्हा जायचे? बहुतेक खेळ हे तिन्ही निर्णय खेळाडूकडून काढून घेतात आणि मधला फासा तेवढा त्याच्या हाती ठेवतात.

पर्यायी मांडणीची दिशा

केवळ दोषदर्शन करून थांबणे उचित नाही. सध्याच्या खेळांत प्रचलित असलेल्या साधनांतूनच अधिक समाधानकारक चित्रण शक्य आहे असे वाटते. त्यासाठी पुढील पाच सूचना मांडता येतील.

एक, मोहिमेवरून परतलेली सोंगटी थेट पुन्हा उपलब्ध न करता ती फेऱ्यांच्या पट्टीवर काही घरे पुढे ठेवावी. तिथवर काळ पोहोचेपर्यंत ती दुरुस्ती व विश्रांतीत आहे असे समजावे. दोन, इंधनवाहू विमानांच्या सोंगट्या वेगळ्या असाव्यात आणि त्या लढाऊ विमानांनाही लागाव्यात, म्हणजे एका बॉम्बफेकी मोहिमेसाठी बाकीच्या आघाडीने काय सोडले हे दिसेल. तीन, पटाबाहेरच्या तळाच्या कप्प्यावर हल्ल्याची थोडी तरी शक्यता ठेवावी आणि तेथे विमाने विखरून ठेवण्यासाठी खेळाडूला किंमत मोजावी लागावी. चार, सोंगटी पुढच्या तळावर उघडी आणून ठेवणे ही स्वतंत्र कृती मानावी. तिने शत्रूचे काही पर्याय मिटावेत, पण तणावाची पट्टीही वर चढावी. पाच, हल्ल्याचा निकाल झाकलेल्या चिठ्ठीवर असावा. बचाव करणाऱ्याने ती पाहावी, हल्ला करणाऱ्याने मात्र ती आणखी काही फेऱ्यांनी किंवा गुप्तवार्तेचे गुण खर्चूनच पाहावी.

या पाचही नियमांत विमानाच्या वेगाचा, उंचीचा किंवा रडारवरील आकाराचा एकही नवा आकडा नाही. जे आकडे गोपनीय असल्याने रचनाकाराला अंदाजानेच घ्यावे लागतात, त्यांवर खेळाचा डोलारा उभा करण्यापेक्षा जे उघडपणे ज्ञात आहे त्यावर, म्हणजे अंतर, संख्या, तळ आणि वेळ यांवर, तो उभा करणे अधिक भक्कम ठरेल.

संभाव्य आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप घेता येतील. पहिला असा की इतके नियम वाढविल्यास खेळ खेळण्याजोगा राहणार नाही. लंडनच्या किंग्ज कॉलेजात युद्धखेळांच्या साहाय्याने अध्यापन करणारे फिलिप सेबिन यांनी 'सिम्युलेटिंग वॉर' या २०१२ च्या ग्रंथात साध्या, आटोपशीर खेळांचा पुरस्कार केला आहे आणि तो मुद्दा रास्त आहे. पण येथे सुचविलेले नियम वाढीव नाहीत, ते पर्यायी आहेत. हवाई चकमकीचे दोन-तीन तक्ते वगळून त्या जागी झाकलेली चिठ्ठी व फेऱ्यांची पट्टी आणता येते, आणि वर्गात तासाभरात हे समजावून सांगता येते.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. खेळ हा शेवटी खेळ आहे, त्याने नीतिशिक्षण का करावे? येथे मागणी नीतिशिक्षणाची नसून पूर्णतेची आहे. डिसेंबर १९७२ मध्ये हनोई व हायफाँगवर झालेल्या ११ दिवसांच्या हल्ल्यांत अमेरिकेने १५ बी-५२ विमाने गमावली. त्याच हल्ल्यांत हनोईतील बाख माय रुग्णालय आणि खाम थिएन ही वस्ती उद्ध्वस्त झाली. यांपैकी पहिली नोंद खेळात घेणे आणि दुसरी वगळणे हा साधेपणा नव्हे. त्या हल्ल्यांवरील जागतिक प्रतिक्रिया हीसुद्धा युद्धातील एक शक्ती होती. ती वगळली तर सामरिक परिणामाचे गणितच चुकते.

समारोप

महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांत संरक्षणशास्त्र हा विषय शिकविला जातो. पुणे विद्यापीठात त्याचा स्वतंत्र विभाग आहे. भारतीय हवाई दलाची कॅनबेरा बॉम्बफेकी विमाने २००७ साली निवृत्त झाली आणि आंतरखंडीय पल्ल्याचे सामरिक बॉम्बफेकी विमान आपल्याकडे कधीच नव्हते. त्यामुळे या शस्त्राविषयीची आपल्या विद्यार्थ्यांची कल्पना वृत्तवाहिन्या, चित्रपट आणि संगणकीय खेळ यांवरच पोसली जाते. तेथे हे विमान बटण दाबताच हजर होते आणि काम फत्ते करून जाते. टेबलावरचा युद्धखेळ संथ असतो. विद्यार्थ्याला हाताने सोंगटी उचलावी लागते आणि नियम स्वतः वाचून लावावे लागतात. या प्रतिमेला छेद देण्याचे सामर्थ्य त्याच्यात आहे ते या संथपणामुळेच. मात्र त्यासाठी खेळ निवडताना, त्यातील नियम बदलताना आणि खेळानंतरच्या चर्चेत, या सोंगटीच्या मागे उभी असलेली ११ इंधनवाहू विमाने, दुरुस्तीच्या छपराखालचे दिवस आणि तिच्या खाली असलेली वस्ती यांचा हिशेब अध्यापकाने मागितला पाहिजे. तैवानविषयक खेळाने दाखविल्याप्रमाणे पटावरचे निष्कर्ष धोरणाच्या कागदांवर जातात. पटावर जो निर्णय फुकट मिळतो, तो कागदावरही फुकट वाटू लागतो.